सरकारचा रुपया आणि आजीच्या पदराची गाठ

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी फळ्यावर एक उदाहरण मांडले होते. सरकारने १०० रुपये खर्च केले. ज्याला ते मिळाले त्याने त्यातले २० शिल्लक टाकून ८० खर्च केले. ते ८० ज्याच्या हाती गेले त्याने ६४ खर्च केले. त्यापुढच्याने ५१. अशी ही साखळी लांबत जाते, आणि सगळी बेरीज केली तर १०० रुपयांच्या खर्चातून ५०० रुपयांचे उत्पन्न उभे राहते. याला गुणक म्हणतात. १९३१ साली कान या अर्थशास्त्रज्ञाने ही कल्पना मांडली आणि १९३६ साली केन्सने आपल्या प्रसिद्ध ग्रंथात तिला मानाचे स्थान दिले.

मागच्या बाकावरून एकाने विचारले, "सर, इतकं सोपं असेल तर सरकार नोटाच का वाटत नाही?" वर्ग हसला. लगेच दुसरा म्हणाला, "वाटतंच आहे की! रोजगार हमी म्हणजे दुसरं काय? म्हणून तर महागाई वाढते आणि शेतात कामाला माणूस मिळत नाही." वर्ग पुन्हा हसला.

मी हसले नाही. माझी आई रोजगार हमीच्या कामावर जाते, हे वर्गात कुणाला ठाऊक नव्हते. मी काही बोललेही नाही. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. बोलायला उभे राहण्याचा धीर अजून यायचा आहे. त्या दिवशी जे बोलायला हवे होते ते आता लिहून काढते आहे. वर्गमित्रांनी राग मानू नये आणि गुरुजनांनी चुका पोटात घालाव्यात, एवढी विनंती.

सुरुवात माझ्या आजीपासून करते, कारण गुणक म्हणजे काय हे मला फळ्यावर अर्धे कळले होते. उरलेले अर्धे तिने सांगितले.

आमचे गाव माणदेशातले, पाऊस पाठ फिरवतो त्या पट्ट्यातले. १९७२ साली आजी नुकतीच लग्न होऊन आली होती. त्या दुष्काळात राज्यातले धान्याचे उत्पादन नेहमीच्या मानाने निम्म्यावर आले होते. विहिरी आटल्या, गुरे विकली गेली. सरकारने ठिकठिकाणी दुष्काळी कामे काढली. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. त्या ५० लाखांत माझी आजी एक होती. रस्त्याच्या कडेला बसून तिने खडी फोडली. मिलो खाल्ला, सुकडी खाल्ली. हाताला आलेल्या फोडांची गोष्ट ती अजून सांगते.

मी तिला विचारले, "आज्जी, पगार झाला की त्यातले मागे किती टाकायचीस?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "पैका कसला ऱ्हातोय गं गाठीला? शनिवारी पगार, आइतवारी बाजार. पदराला गाठ मारायच्या आदीच सुटायची."

सीमांत उपभोग प्रवृत्ती म्हणून आपण जी व्याख्या पाठ करतो, ती एवढीच आहे. जादा मिळालेल्या रुपयातला किती भाग माणूस खर्च करतो? आजीच्या बाबतीत उत्तर होते, सगळाच. ज्वारी, मीठ, गूळ, रॉकेल. एखाद्या आठवड्याला कासाराकडून बांगड्या. वहाणेचा तुटलेला अंगठा चांभाराकडून शिवून घेणे. चांभाराच्या हाती पडलेले पैसे त्याच बाजारात वाण्याकडे जात. आजी सांगते की कामे सुरू होण्याआधी आमचा आठवडे बाजार मोडल्यातच जमा होता. पगार सुरू झाले तसा तो पुन्हा भरू लागला. म्हणजे सरकारचा पैसा मिळाला मजुरांना, पण जगला कासारही, चांभारही आणि वाणीही. आणि यांपैकी एकाचेही नाव हजेरीपटावर नव्हते.

येथे एक प्रश्न पडतो. धान्य पिकलेच नव्हते, तर नुसता पैसा हाती येऊन उपयोग काय? माणूस काही नोटा खात नाही. या प्रश्नाचे उत्तर ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांनी दिले आहे. सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखवले की अनेक दुष्काळांत माणसे मरतात ती केवळ धान्य नाही म्हणून नव्हे. धान्य विकत घेण्याची ऐपत संपते म्हणून मरतात. महाराष्ट्रात १९७२-७३ मध्ये मजुरांच्या हाती ऐपत आली, तेव्हा धान्य त्या मागणीच्या मागे आले. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात धान्य नेण्यावर निर्बंध होते, तरी खाजगी व्यापाऱ्यांनी ते वाटा शोधून आणले. रेशनच्या दुकानातून मिळाले तेवढ्यावर गावे जगली नसती. सरकारने खर्च केला तो रस्त्यांवर आणि तलावांवर, पण त्यातून वाढला तो खाजगी उपभोग आणि हलला तो खाजगी व्यापार. फळ्यावरची आकृती मला त्या दिवशी पहिल्यांदा खरी वाटली.

परंतु येथेच थांबले तर मी मागच्या बाकावरच्या मित्राशी अन्याय करीन. त्याचा आक्षेप पोकळ नाही. १०० चे ५०० होतात हे गणित फळ्यावर बरोबर असले तरी आमच्या गावात ते तसे जमत नाही. आमचा वाणी साबण, तेल, साखर तालुक्याहून आणतो. त्याला मिळालेल्या रुपयातला मोठा हिस्सा गावाबाहेर जातो. दर रुपयातले समजा ४० पैसेच गावात फिरत राहिले, तर १०० रुपयांचे ५०० होत नाहीत, १६७ च्या आसपास होतात. बाकीचा पैसा नाहीसा होत नाही, तो तालुक्यात, जिल्ह्यात, कारखान्यांच्या गावी जातो. पण आमच्या गावापुरती गळती ही असतेच. शिवाय माल तयार करणारे हात आणि यंत्रे आधीच पूर्ण गुंतलेली असतील, तर नव्या पैशामुळे माल वाढत नाही, भाव वाढतात. १९७४ साली देशात महागाईचा दर २० टक्क्यांच्या वर गेला होता. त्याला तेलाच्या किमती, नापिकी अशी अनेक कारणे होती. पण माल तोकडा आणि पैसा जास्त झाला की काय होते, हे त्या पिढीने सोसले आहे. म्हणून केन्सचे म्हणणे नीट वाचले पाहिजे. रिकामे हात असतील तेव्हाच सरकारी खर्चाने उत्पादन वाढते. आमच्या भागात माघ संपला की हात रिकामे असतात. ज्याच्या दारात पाण्याचा टँकर येतो त्याला हे वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरा आक्षेप असा की सरकारचा पैसा म्हणजे शेवटी आपलाच पैसा. एकाच्या खिशातून काढायचा आणि दुसऱ्याच्या खिशात घालायचा, यात वाढले काय? आमच्या प्राध्यापकवर्गाला या प्रश्नाचे उत्तर आपल्या पगारपत्रकात सापडेल. दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, असा वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. हा कर महाराष्ट्रात १९७५ साली आला आणि तो रोजगार हमीसाठी आला. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात १९६५ साली या योजनेचा पहिला प्रयोग सुरू केला होता. दुष्काळात ती राज्यभर गेली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागेल त्याला काम देणे हे सरकारचे कर्तव्य ठरले. त्याचा भार काही अंशी शहरातल्या पगारदारांनी उचलावा, असा तो विचार होता.

आता गणित करू. ज्याचा पगार चांगला आहे त्याच्या खिशातून २०० रुपये गेले तर तो जेवण कमी करत नाही. फार तर शिल्लक थोडी कमी टाकतो. तेच २०० रुपये आजीच्या पदरात पडले तर त्याच आठवड्यात बाजारात जातात. रुपया तोच, पण एका खिशात तो झोपतो आणि दुसऱ्या पदरातून धावतो. म्हणून कर लावून केलेल्या खर्चानेही एकूण उपभोग वाढू शकतो.

रॉबर्ट बॅरो या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७४ साली आणखी एक मुद्दा मांडला. सरकार कर्ज काढून खर्च करते तेव्हा शहाणा माणूस ओळखतो की उद्या कर वाढणार आहेत. म्हणून तो आजच पैसे बाजूला टाकतो आणि सरकारी खर्चाचा परिणाम फुकट जातो. शहाण्या, सुखवस्तू माणसाबद्दल हे खरे असेलही. पण उद्याच्या करासाठी आज ज्वारी कमी घ्यावी, असा विचार आजी करू शकत नव्हती, कारण आज ज्वारी घेतली नाही तर तिच्या घरात उद्या नव्हता. सिद्धांत तपासताना त्यातला माणूस कोण आहे हे आधी विचारावे, असे माझे नम्र मत झाले आहे.

तिसरा आक्षेप माझ्या घरातूनच आला. मामाची दोन एकर डाळिंबाची बाग आहे. तो स्पष्ट म्हणतो, "तुमच्या रोजगार हमीनं आमचं मरण केलंय. छाटणीला बाई मिळत नाही, मिळाली तर रोज वाढवून मागते." आणि ती रोज वाढवून मागणारी बाई म्हणजे माझी आईच असते! दिवाळीला भावाला ओवाळते आणि छाटणीच्या वेळी त्याच्याशीच रोजावरून वाद घालते. तेव्हा हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी नाही.

अभ्यासकांनी याही प्रश्नाचा शोध घेतला आहे. इम्बेर आणि पॅप यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की जिथे राष्ट्रीय रोजगार हमी चांगली राबवली गेली तिथे लोक खाजगी कामावर थोडे कमी गेले आणि मजुरीचे दर वाढले. म्हणजे मामा खोटे बोलत नाही. दुसरा अभ्यास कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर यांचा, अविभाजित आंध्र प्रदेशातला. तेथे काही मंडलांत मजुरी स्मार्टकार्डावरून देण्याची व्यवस्था झाली, त्यामुळे ती लवकर आणि चोख मिळू लागली. तेव्हा गरीब कुटुंबांचे उत्पन्न वाढले. पण त्या वाढीचा मोठा भाग योजनेच्या मजुरीतून आला नाही, तर खाजगी कामाच्या वाढलेल्या मजुरीतून आला. आणि खाजगी रोजगार घटला नाही. घासाघीस करण्याची ताकद आईला मिळते ती आपल्याला दुसरे काम आहे या भरवशातून. मामाचा खर्च वाढला हे खरे, पण ते पैसे गावातल्याच घरांत गेले. यात मामाचे नुकसान झाले तर त्याला डाळिंबाचा चांगला भाव मिळवून देण्याचा मार्ग शोधावा. आईचा रोज पाडून ते भरून काढू नये.

आता मला जो मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो त्याकडे येते. सरकारने किती खर्च केला यावर आपण फार भांडतो. तो कशावर केला आणि केव्हा हातात दिला, हे विचारत नाही.

कशावर केला ते आधी पाहू. केन्सने उपहासाने लिहिले होते की काहीच सुचत नसेल तर सरकारने बाटल्यांत नोटा भरून जुन्या खाणींत पुराव्यात आणि लोकांना त्या उकरू द्याव्यात. बेकारीपेक्षा तेही बरे. मात्र घरे वगैरे बांधणे अधिक शहाणपणाचे, असेही त्याने म्हटले होते. आमच्या गावाने दोन्ही प्रकार पाहिले. आजीने फोडलेल्या खडीतली बरीचशी कधी रस्त्यावर पडलीच नाही. ढिगावर गवत उगवले, पोरे त्यावर खेळली. त्या खडीने आजीला जगवले. पण मजुरी संपली तिथे त्या खर्चाचे काम संपले. त्याच काळात ओढ्यावर पाझर तलावही झाला. त्याच्या खालच्या अंगाला असलेल्या विहिरींना पाणी थांबू लागले, आणि जिथे एक पीक मुश्किलीने येई तिथे रब्बीचेही येऊ लागले. मजुरी दोन्ही कामांवर सारखीच होती. खडीने एका सालाचा उपभोग दिला, तलावाने त्यापुढच्या प्रत्येक बऱ्या पावसाला उत्पादन दिले. फळ्यावरच्या गुणकात या दोन रुपयांत फरक नाही. शिवारात आहे.

आता "केव्हा" विषयी. हे लिहावे की नाही याचा मी पुष्कळ विचार केला.

मी प्रथम वर्षाला प्रवेश घेतला त्या उन्हाळ्यात आई नालाखोलीकरणाच्या कामावर होती. मजुरी पंधरा दिवसांत मिळाली पाहिजे असे कायदा सांगत होता. उशीर झाल्यास दर दिवसाला ०.०५ टक्के भरपाईही होती. ३०० रुपयांवर ती दिवसाला १५ पैसे होते. आईची मजुरी पंधरा दिवसांत आली नाही, महिन्यात आली नाही. वाण्याच्या वहीत आमच्या नावाचे पान भरले, तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, मलाही वर द्यावे लागतात." त्याने उधारी थांबवली, आणि आमच्यासारख्या आणखी घरांची थांबवली म्हणून स्वतःचा मालही कमी भरला. माझ्या प्रवेशाची शेवटची तारीख जवळ आली. आईने दारातली शेळी विकली. शेळी गाभण होती.

मजुरी आली ती तीन महिन्यांनी, पूर्ण आली. कागदावर सरकारचा खर्च तेवढाच झाला, एक पैसाही कमी नाही. पण ती आली त्याच दिवशी वाण्याच्या वहीत गेली. बाजारात गेली नाही. शेळी परत आली नाही. तिची करडे, त्यांचे पुढचे वेत, सगळे दुसऱ्याच्या दारात वाढले. वेळेवर आला असता तर जो रुपया आमच्या घरी भांडवल राखून गेला असता, त्याने उशिरा येऊन फक्त देणे फेडले. सरकारी खर्चाने उत्पादन वाढते हे मी शिकले. उशिरा दिलेल्या सरकारी खर्चापायी घरातले उत्पादन घटतेही, हे मी पाहिले. या विलंबाचे गणित कुठल्या पाठ्यपुस्तकात असेल तर सरांनी मला जरूर सांगावे.

आंध्रातला तो अभ्यास मला म्हणूनच जवळचा वाटतो. तिथे वाढली ती मुख्यतः मजुरी हाती पडण्याची खात्री, आणि तेवढ्याने गावांचे उत्पन्न हलले.

२००५ साली केंद्राने केलेल्या कायद्याने ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी दिली होती. टाळेबंदीच्या काळात, २०२०-२१ साली, शहरातून परतलेल्या माणसांना याच कामांनी हात दिला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात १२५ दिवस आहेत आणि पेरणी-काढणीच्या हंगामात ६० दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूद आहे. मामाला ती आवडली, आईला नाही. त्यावर वर्तमानपत्रांत दोन्ही बाजूंनी लिहून येते. मला मात्र कुठलीही योजना तपासताना तीनच प्रश्न विचारावेसे वाटतात. रुपया कुणाच्या पदरात पडला? किती दिवसांनी पडला? आणि तो खर्च झाल्यावर मागे काय उरले, खडीचा ढीग की पाझर तलाव? या तिन्हींचे उत्तर चांगले असेल तर सरकारच्या खर्चाने लोकांचा उपभोग वाढेल आणि देशाचे उत्पादनही. नसेल तर आकडा कितीही मोठा असला तरी तो अंदाजपत्रकाच्या पानावरच राहील.

मागच्या बाकावरच्या माझ्या मित्रा, तू विचारलेस की सरकार नोटाच का वाटत नाही. कारण आजीला नोट नको होती, काम हवे होते. त्या मजुरीचा तिला अजून अभिमान आहे. गावाकडून कॉलेजला येताना एसटी ज्या रस्त्यावरून येते, त्या रस्त्याच्या कडेला बसून तिने खडी फोडली होती. तिची बरीच खडी वाया गेली हे खरे. पण थोडीफार तरी त्या रस्त्याच्या पोटात असेलच. त्याच रस्त्याने मी रोज अर्थशास्त्र शिकायला येते.

पुढच्या वेळी वर्गात हा विषय निघाला तर मी उभी राहून बोलेन.